गणपतीत आलेला ताप दिवाळीत परत कसा आला?

खानापूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. त्यांचा धाकटा भाऊ पणजीजवळ इमारतीच्या कामावर असतो. गणपतीला घरी आला आणि तिसऱ्याच दिवशी थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासलं, ‘व्हायवॅक्स मलेरिया’ निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि चार दिवसांत पोरगा झांजा घेऊन आरतीला उभा. पुढं भातकापणी होती म्हणून तो गोव्याला परत गेलाच नाही. आता दिवाळी झाली आणि तोच ताप, तीच थंडी. घरातली म्हातारी म्हणते, मलेरिया एकदा रक्तात शिरला की जन्मभर जात नाही. शेजारी म्हणतो, डॉक्टरनं हलक्या गोळ्या दिल्या. भाऊंचा प्रश्न असा की पोरगा दोन महिने घरीच आहे, मग हा ताप आला कुठून, आणि हा रोग माणसाच्या अंगात नेमकं करतो तरी काय?

भाऊ, उत्तर देण्याआधी मीच एक विचारतो. पहिल्या वेळी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या असतील. एक तीन दिवसांची आणि एक चौदा दिवसांची. ती चौदा दिवसांची पूर्ण झाली होती का? फळीवर, देवाऱ्यामागं, पोराच्या बॅगेच्या कप्प्यात बघा. माझ्या अनुभवात असं विचारल्यावर दहातल्या सात घरांत अर्धं पाकीट सापडतं. चौथ्या दिवशी ताप उतरतो, तोंडाला चव येते आणि ‘आता कशाला उगं उष्ण गोळ्या’ म्हणून पाकीट बाजूला पडतं. तुमच्या घरी तसं झालं नसेल तर आनंद आहे, त्याचं पुढं सांगतो. पण झालं असेल तर कोडं तिथंच सुटलं.

डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून मलेरियाचे जंतू रक्तात येतात. ते रक्तात रेंगाळत नाहीत. अर्ध्या तासात लिव्हरमध्ये जाऊन बसतात. तिथं आठवडाभर, थोडं जास्तच, ते वाढतात, एकाचे हजारो होतात. या काळात माणसाला काहीच होत नाही. तो सेंट्रिंग लावतो, भात जेवतो, क्रिकेट खेळतो. मग ते हजारो जंतू लिव्हरमधून रक्तात उतरतात, तांबड्या पेशींत शिरतात आणि खरा ताप सुरू होतो. व्हायवॅक्समध्ये डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण बारा ते अठरा दिवस जातात. तुमचा भाऊ घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तापला, म्हणजे डास चावला तो गोव्यातच. गावात आल्यावर हवा बदलली, मोदक खाल्ले, पाणी बदललं, यातलं काही नाही. मलेरिया पाण्यातून येत नाही. जेवणातून नाही, शिंकेतून नाही, एका ताटात जेवल्यानंही नाही.

आता खरी मेख. व्हायवॅक्सचे सगळे जंतू लिव्हरमधून बाहेर पडत नाहीत. काही तिथंच झोपून राहतात. पेरलेलं सगळं बी एकदम उगवत नाही, चार दाणे ढेकळाखाली राहून पुढच्या सरीला वर येतात, तसं. हे झोपलेले जंतू काही आठवड्यांनी, दोन-तीन महिन्यांनी, कधी आठ-दहा महिन्यांनीही जागे होतात, आणि नवा डास न चावता माणूस पुन्हा तापतो. तीन दिवसांच्या क्लोरोक्विनच्या गोळ्या रक्तातल्या जंतूंना मारतात. लिव्हरमध्ये झोपलेल्यांना त्यांचा धक्काही लागत नाही. त्यांच्यासाठी ती दुसरी, चौदा दिवसांची गोळी असते. तिचं नाव प्रायमाक्विन. म्हणजे ताप घालवते एक गोळी आणि मलेरिया घालवते दुसरी. माणूस ताप गेला की दवाखाना विसरतो, आणि हा रोग नेमका त्याच विसरण्यावर जगतो.

म्हणजे आजींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. त्यांच्या तरुणपणी ही दुसरी गोळी कोण चौदा दिवस घेत होतं? ताप पुन्हा पुन्हा यायचा आणि लोक म्हणायचे, रक्तात बसलाय. पण जन्मभर वगैरे काही नाही. चौदा दिवस नीट घेतले तर बहुतेकांचा तो कायमचा जातो.

गोळ्या पूर्ण घेऊनही ताप उलटला असेल तर कारण वेगळं शोधावं लागतं. वजनाच्या मानानं डोस कमी पडला असेल. काही जणांचं शरीर प्रायमाक्विनचं कामाच्या औषधात रूपांतर नीट करत नाही, त्यांच्यात ती गोळी लंगडी पडते. नाहीतर इथंच नवा डास चावला असेल. किंवा हा ताप मलेरियाचा नसेलच. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडं डेंग्यूही असतो आणि चिखलात काम करणाऱ्यांना उंदीरतापही होतो. म्हणून मागच्या वेळची चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून त्याच गोळ्या आणू नका. आधी रक्त, मग गोळी.

या ‘रक्त’ प्रकरणावर थोडं थांबतो, कारण बेळगावपासून निपाणीपर्यंत सगळ्यात जास्त गोंधळ मी इथंच बघितलाय. आमच्याकडं येणारा निम्मा माणूस सांगतो, ‘डॉक्टर, मलेरिया-टायफॉईड दोन्ही आलंय.’ हातात कागद असतो. विडाल, म्हणजे टायफॉईडची रक्ततपासणी, थोडी वर, आणि मलेरियापुढं ‘वीक पॉझिटिव्ह’. मलेरिया वीक पॉझिटिव्ह असा प्रकार नसतो. स्लाईडवर जंतू दिसला किंवा दिसला नाही. दिसला तर कोणता दिसला, हे लिहायचं असतं. विडाल तर आपल्या भागात जुन्या संसर्गानं, लसीनं, कशानंही थोडी वर येते. त्या कागदावर लोक सात-सात दिवस सलाईन लावून घेतात. दोन्ही रोग एकदम होणं अशक्य नाही, पण माझ्या इतक्या वर्षांत खरोखर सिद्ध झालेली उदाहरणं एका हाताच्या बोटांवर मावतील.

स्लाईड कशी बघतात ते एकदा बघण्यासारखं आहे. डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचतात. काचेवर एक जाड थेंब गोल फिरवून ठेवतात आणि शेजारी दुसऱ्या थेंबाची दुसऱ्या काचेच्या कडेनं पातळ जीभ ओढतात. जाड थेंबात जंतू आहे का ते लवकर सापडतं, पातळ थरात तो कोणता आहे ते ओळखता येतं. रंग देऊन, तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली धरलं की फिक्कट गुलाबी पेशी पसरलेल्या दिसतात आणि त्यातल्या एखादीत निळी बारीक अंगठी, वर तांबडा खडा. व्हायवॅक्स असेल तर ज्या पेशीत ती अंगठी आहे ती शेजारणींपेक्षा फुगलेली आणि आतून बारीक ठिपके मारल्यासारखी. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा दुसरा, जास्त घातक प्रकार, असेल तर अंगठी नाजूक, कधी एकाच पेशीत दोन, आणि रोग थोडा जुना असेल तर केळ्याच्या आकाराचे जंतू. मी शिकत होतो तेव्हा आमच्या लॅबमधल्या तंत्रज्ञ काकांनी पहिल्यांदा ते केळं दाखवलं. म्हणाले, ‘हे बघून ठेव, चष्मा लागला तरी हे विसरायचं नाही.’ शंभर फील्ड बघितल्याशिवाय ते ‘नाही’ असं लिहीत नसत. एका स्लाईडला दहा मिनिटं तरी जायची.

आता कार्ड टेस्ट आली आहे. आशाताई दारात येऊन पंधरा-वीस मिनिटांत सांगते, आणि सांगते ते बहुतेक बरोबर असतं. जांबोटी-कणकुंबीच्या आतल्या वाड्यांना ही मोठीच सोय. कार्डाची एक खोड मात्र माहीत असू द्या. फाल्सिपेरम ओळखणारी पट्टी औषध घेऊन जंतू मेल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवत राहते. म्हणून ‘बरा झालो का बघू’ म्हणून पुन्हा कार्ड लावू नका, घाबरून जाल. तेव्हा स्लाईडच बघायची. आणि एक स्लाईड निगेटिव्ह आली, पण थंडी-ताप चालूच आहे, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची. त्यात लाज नाही, आम्हीही तेच करतो.

हा रोग अंगात काय करतो, हा तुमचा दुसरा प्रश्न. जंतू तांबड्या पेशीत शिरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी ती पेशी फोडून दीड-दोन डझन पिलं बाहेर पडतात. ती नव्या पेशींत शिरतात. पेशी एकदम फुटतात तेव्हा आतली सगळी घाण रक्तात सांडते आणि शरीर त्यावर चवताळून उठतं. तीच थंडी. आधी हुडहुडी, दात वाजतात, अंगावर दोन वाकळा आणि वर एक पोतं टाकलं तरी माणूस कापतो. पाऊण-एक तासानं अंग भट्टीसारखं तापतं, डोकं फुटायची पाळी, उलटी. काही तासांनी घामानं अंथरूण भिजतं आणि माणूस गाढ झोपतो. दुसऱ्या दिवशी तो ठीकठाक असतो, शेतावरही जातो. तिसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा. जुने लोक याला पाळीचा ताप म्हणत, ते नाव अगदी नेमकं आहे. पण पुस्तकातली ही पाळी आता दर वेळी दिसत नाही. सुरुवातीचे काही दिवस ताप रोज येतो, मध्येच पॅरासिटामोल घेतलेली असते, आणि फाल्सिपेरम तर पाळी फारशी मानतच नाही. ‘एकाआड दिवस येत नाही, म्हणजे मलेरिया नाही’ हा हिशेब करू नका.

दर पाळीला पेशी फुटत गेल्या की रक्त कमी होतं. तो कचरा गाळून गाळून पानथरी (प्लीहा) सुजते. डाव्या बरगडीखाली हात घातला की लागते. पोराच्या ओठांचा रंग जातो, जिना चढताना धाप लागते, ताप गेल्यावरही महिनाभर अंगात त्राण राहत नाही. गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्याला याचा अर्थ सरळ आहे. आठ-दहा खाडे, मग उचल, मग कंत्राटदाराची बोलणी. एकाच माणसाला वर्षात तीनदा ताप उलटला की घराचं गणित बसत नाही, आणि हे सगळं चार रुपयांच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्यामुळं. गरोदर बाईला मलेरिया झाला तर तिचं रक्त उतरतं आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं. तिला प्रायमाक्विन देत नाहीत, तान्ह्या बाळालाही नाही. त्यामुळं त्या दोघांना घरातल्या दुसऱ्या कुणाच्या उरलेल्या गोळ्या कधीही देऊ नका.

व्हायवॅक्स छळतो, सहसा मारत नाही. मारतो तो फाल्सिपेरम. व्हायवॅक्सला कोवळ्या तांबड्या पेशी लागतात, म्हणून तो रक्तात एका मर्यादेत राहतो. फाल्सिपेरमला कोवळी-जुनी कुठलीही पेशी चालते, त्यामुळं त्याची संख्या बघता बघता वाढते. शिवाय त्याची लागण झालेली पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला डकून बसते. मेंदूत, किडनीत, गरोदर बाईच्या वारेत. मेंदूच्या नळ्या अशा तुंबल्या की माणूस बरळतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. बोटाच्या रक्तात जंतू थोडे दिसतात आणि मेंदूत भरलेले असतात.

माझी एक चूक सांगतो, तीस वर्षं झाली तरी ती विसरलेलो नाही. इथं बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळं आपल्या बहुतेक गावांत घरटी नाही तरी गल्लीटी एक जवान असतो. असाच एक पोरगा ईशान्येकडून सुट्टीवर आला होता. आई घेऊन आली. म्हणाली, ‘थंडी वाजून ताप येऊलालाय डॉक्टर, प्रवासाची दगदग झाली असंल की.’ पावसाचे दिवस, घराघरात ताप. मी घसा बघितला, पॅरासिटामोल आणि अँटिबायोटिक लिहून दिली आणि तीन दिवसांनी या म्हणालो. तिसऱ्या रात्री त्याला बैलगाडीच्या साट्यावर घालून आणला. डोळे पिवळे, आईला ओळखत नव्हता, मध्येच सावधान होऊन कुणाला तरी जबाब देत होता. स्लाईड लावली तर प्रत्येक फील्डमध्ये अंगठ्या. त्या काळी क्विनाईनची सलाईन होती, कानात घुमायचं, साखर उतरायची, रात्रभर शेजारी बसून राहावं लागायचं. पोरगा वाचला. पण पहिल्या दिवशी मी एवढंच विचारायला हवं होतं, ‘कुठून आलास रे?’ त्यानंतर थंडी-ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला नाव विचारायच्या आधी मी हे विचारतो, महिन्या-दीड महिन्यात कुठं जाऊन आलास? गोवा, मंगळूर, मुंबई, गडचिरोली, आसाम, ओडिशा. उत्तरात यातलं काही आलं की पेन खाली आणि सुई हातात.

आता अशा गंभीर रोग्याला आर्टेसुनेटचं इंजेक्शन देतात, क्विनाईनपेक्षा कितीतरी चांगलं. हे औषध ज्या वनस्पतीपासून निघालं त्यावर काम करणाऱ्या चीनच्या तू योयो यांना 2015 मध्ये नोबेल मिळालं. बरळणं, झटका, डोळे किंवा लघवी पिवळी-काळी होणं, दम लागणं, पाण्याचा घोटही न टिकणं, पोर हलवल्यावरही डोळे न उघडणं, यातलं एक जरी दिसलं तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावत बसू नका. थेट मोठ्या हॉस्पिटलात न्या. रात्र असली तरी.

आता डास. सगळे डास मलेरिया देत नाहीत, ॲनोफिलिस जातीची मादी देते. ती भिंतीवर बसते तेव्हा डोकं खाली, बूड वर, तिरका खिळा मारल्यासारखी. चावते ती अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. दिवसा पायाला चावणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा डास डेंग्यूचा, तो वेगळा. मलेरियाच्या माणसाला चावलेली मादी लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. जंतूला तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला दहा ते चौदा दिवस लागतात, थंडी असेल तर जास्त, आणि सोळा अंशांच्या खाली तर व्हायवॅक्सची वाढ थांबतेच. डासाचं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं. म्हणजे रोग देणारी मादी ही त्यांच्यातली म्हातारी असते, जी आर्द्र, उबदार हवेत जास्त दिवस टिकली ती. म्हणून आपल्याकडं जुलैच्या धो धो पावसात मलेरिया फार नसतो. कणकुंबीसारख्या ठिकाणी तो पाऊस डासांच्या अळ्याही वाहून नेतो. पाऊस उघडझाप करू लागला, डबकी दोन आठवडे तशीच राहिली, हवा दमट, की ऑगस्ट ते नोव्हेंबर हा तिचा हंगाम. गणपती ते दिवाळी, बरोबर तुमच्या भावाचा हिशेब.

गोव्यात काय होतं? तिथं आणि मंगळुरात मलेरिया शहरातला. ॲनोफिलिस स्टिफेन्साय नावाची मादी स्वच्छ पाण्यात अंडी घालते, आणि बांधकामावर स्वच्छ पाणी जिकडं तिकडं. स्लॅबवर क्युरिंगला बांधलेली तळी, लिफ्टचा खड्डा, सिमेंटच्या टाक्या, उघडी बॅरलं. रात्री मजूर त्याच अर्धवट इमारतीत, खिडकी नाही, दार नाही, मच्छरदाणी नाही, असे झोपतात. डासाला कुठं उडून जायची गरजच नाही. गोव्यात बांधकाम मजुरांचं रक्त तपासून आरोग्य कार्ड देण्याची पद्धत यासाठीच आहे. तुमच्या भावाचं कार्ड होतं का, विचारा.

हीच स्टिफेन्साय बेळगावातही राहते. शहापूर-वडगावच्या जुन्या वाड्यांतल्या आडात, पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं म्हणून भरून ठेवलेल्या हौदात, झाकण तुटलेल्या सिंटेक्सच्या टाकीत. आडात गप्पी मासे सोडा, हौद आठवड्यातून एकदा घासून कोरडा करा. अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो, हौद त्याच्या आत कोरडा झाला की पुरे. ॲनोफिलिसची अळी ओळखायला सोपी, ती पाण्याला लागून आडवी पडते, डेंग्यूवाली डोकं खाली करून लोंबते. खानापूरच्या डोंगरातल्या वाहत्या झऱ्यांच्या कडेला वेगळी जात, फ्लुव्हिएटिलिस. आणि चिकोडी, रायबाग, अथणीकडं कालव्याच्या झिरपणीत, नदीच्या वाळूतल्या डबक्यांत क्युलिसिफेसिस. ती मुळात गुरांना चावणारी, पण ऊसतोडीच्या कोप्यांत गुरं आणि माणसं एका फुटावर झोपतात तेव्हा ती फरक करत बसत नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की डास इथं आहेतच. नसतात ते जंतू. ते तुमच्या भावासारखा माणूस अंगातून घेऊन येतो. व्हायवॅक्समध्ये डासाला लागणारे जंतू ताप येण्याच्या सुमारालाच रक्तात असतात, त्यामुळं पोरगा विनाऔषध माळ्यावर चार रात्री झोपला की गल्लीतल्या मादीला पुरवठा सुरू. म्हणून सध्या त्याला मच्छरदाणीत झोपवा, शेजाऱ्यांच्या भल्यासाठी.

बाहेरून आलेल्या प्रत्येक तापाला मलेरियाच समजू नका, हेही लगेच सांगून टाकतो. सत्तरी, दोडामार्गकडं काजूच्या बागांत कामाला गेलेल्यांना डिसेंबर ते मेच्या दरम्यान माकडताप होऊ शकतो, तो गोचिडीपासून येतो. डॉक्टरांना ‘काजूला गेलो होतो’ हे न विचारता सांगा.

जुन्या लोकांना आठवत असेल, मलेरियावाले घराघरात डीडीटी मारायचे आणि दारावर खडूनं तारीख लिहून जायचे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे. 1953 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आपला जिल्हा मुंबई राज्यात होता. 1965 पर्यंत आकडा एका लाखावर आला, सगळ्यांना वाटलं संपला. फवारणी सैल झाली, डास डीडीटीला सरावले, आणि 1976 मध्ये पुन्हा चौसष्ट लाख. ताप उतरला की गोळ्या सोडायची चूक देशानंही केली म्हणायची. आता 2015 मध्ये पावणेबारा लाखांच्या आसपास असलेले रुग्ण 2023 मध्ये सव्वादोन लाखांवर आलेत, आणि 2030 पर्यंत देश मलेरियामुक्त करायचं ठरलंय. कमी झाल्याचा तोटा असा की नव्या डॉक्टरांच्या डोक्यात मलेरिया पटकन येत नाही. डास मलेरिया पसरवतो याचा पुरावाही आपल्या शेजारीच सापडला. सिकंदराबादला 20 ऑगस्ट 1897 या दिवशी रोनाल्ड रॉसना डासाच्या पोटात तो जंतू दिसला. हुसेन खान नावाच्या रोग्याला अंगावर डास चावून घ्यायला डासामागं एक आणा दिला होता. रॉसना 1902 मध्ये नोबेल मिळालं, हुसेन खानाचं पुढं काय झालं कोण विचारतो!

लसीचं बरेच जण विचारतात. पुण्यात सीरममध्ये बनणारी आर-21 ही लस आफ्रिकेतल्या लहान मुलांसाठी, फाल्सिपेरमविरुद्ध आहे. तुमच्या भावाला तिचा उपयोग नाही. पपईच्या पानाच्या रसाचाही नाही. मलेरियात प्लेटलेट उतरतात, पण जंतू मेले की त्या आपोआप चढतात.

आता पोराचं. उद्या सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. व्हायवॅक्सच निघाला तर मोठ्या माणसाला क्लोरोक्विन पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दोन असं देतात, आणि प्रायमाक्विन वजनाप्रमाणे चौदा दिवस. फाल्सिपेरम निघाला तर औषध पूर्ण वेगळं असतं, तिथं जुनी चिठ्ठी चालतच नाही. गोळी उपाशीपोटी नको, पेज, भात, निदान दोन चपात्या पोटात असू द्या. अर्ध्या तासाच्या आत ओकली तर आशाताईला कळवा, तो डोस पुन्हा द्यावा लागतो. आणि प्रायमाक्विन सुरू करण्याआधी जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची रक्ततपासणी होत असेल तर करून घ्या. काही लोकांत, पुरुषांत जास्त, जन्मतःच ते एन्झाइम कमी असतं आणि या गोळीनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. पहिल्या वेळी गोळ्या घेताना लघवी कोकाकोलासारखी झाली होती का, डोळे पिवळे पडले होते का, हे पोराला नीट विचारा. तसं झालं असेल आणि म्हणून त्यानं गोळ्या सोडल्या असतील, तर त्यानं बरोबरच केलं. पण ते डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर तीच गोळी परत लिहिली जाईल. नुसती पोटात आग पडत होती म्हणून सोडल्या असतील तर मात्र जेवणानंतर घ्यायला लावा.

पाकिटावर काय लिहिलंय ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना बऱ्याचदा वाचता येत नाही, कारण ते कन्नड किंवा इंग्रजीत असतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजपासून चौदा चौकोनांत पेननं आकडे लिहा आणि रोज रात्री गोळी गिळल्यावर त्यानंच तो चौकोन खोडायचा. आईकडं लक्ष ठेवायला द्या, आया हे काम चोख करतात. कंत्राटदाराचा फोन येईलच की कधी येतोस म्हणून. दहाव्या दिवशी जायचंच झालं तर उरलेल्या दिवसांच्या सगळ्या गोळ्या शर्टाच्या वरच्या खिशात, बॅगेत नाही, आणि मच्छरदाणी बॅगेत.